गोष्टीचे तात्पर्य कोण ठरवतो? फ्रेंच साहित्यातील नीतिशिक्षणाची आठशे वर्षे

रविवारच्या धम्मवर्गात आम्ही मुलांना गोष्टी सांगतो. एकदा कावळा आणि कोल्ह्याची गोष्ट सांगून झाली. कावळ्याच्या चोचीतला तुकडा, कोल्ह्याने केलेली गळ्याची स्तुती, कावळ्याने गाण्यासाठी उघडलेली चोच, सगळे नेहमीप्रमाणे. मग सवयीने विचारले, "तात्पर्य काय?" पुढच्या रांगेतला एक मुलगा उठून म्हणाला, "गोड बोललं की फुकट खायला मिळतं." वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना. मुलाने चूक ते काय सांगितले? गोष्टीत जिंकतो कोल्हाच. कावळा उपाशी राहतो आणि वर त्यालाच उपदेश ऐकावा लागतो. मग हुशार मूल कावळा कशाला होईल?

ही शंका नवी नाही. फ्रान्समध्ये रूसोने १७६२ साली हीच शंका, याच गोष्टीबद्दल काढली होती. तिच्या मागोवा घेत आम्ही फ्रेंच साहित्य वाचत गेलो आणि लक्षात आले की त्या साहित्याचा मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतो: माणसाला चांगले वागायला कोणी शिकवायचे, कशाच्या आधारावर शिकवायचे आणि त्या शिकवणीचा फायदा कोणाला होतो?

आपल्याला याचे काय, असे कोणी विचारेल. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी त्या सभेची तुलना १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली होती. त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. पुढे ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी स्पष्ट केले की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत. दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवल्या पाहिजेत. बाबासाहेब फ्रान्सचा इतिहास बारकाईने वाचत होते, त्यातून शिकत होते, पण त्यापुढे मान तुकवत नव्हते. हा लेख त्याच दृष्टीने वाचावा.

बोधिसत्त्व संत झाला त्याची गोष्ट

मध्ययुगीन फ्रान्समध्ये नीतिशिक्षण चर्चच्या ताब्यात होते. बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हते, म्हणून धर्मोपदेशक प्रवचनात छोटे छोटे दृष्टांत सांगत. आपल्याकडचे कीर्तनकार जसे मध्येच एखादे आख्यान लावतात तसेच. अशा दृष्टांतांचे संग्रह तयार झाले आणि ते प्रवचनकारांच्या हातोहात फिरू लागले. संतांची चरित्रेही याच कामासाठी लिहिली गेली.

त्यातले एक चरित्र फार लोकप्रिय होते. भारतातील एका राजाला मुलगा होतो. ज्योतिषी भाकीत करतात की हा मुलगा राजाचा धर्म सोडेल. राजा त्याला महालात कोंडून ठेवतो, दुःख त्याच्या नजरेस पडू नये अशी व्यवस्था करतो. तरीही राजपुत्र बाहेर पडतो, त्याला रोगी दिसतो, म्हातारा दिसतो, मरण म्हणजे काय ते कळते आणि तो राज्याचा त्याग करतो. वाचकांनी ओळखलेच असेल. फ्रेंच लोक या राजपुत्राला संत जोसाफात म्हणत. त्याला उपदेश करणारा तपस्वी म्हणजे संत बार्लाम. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला गी द कांब्रे या कवीने ही कथा जुन्या फ्रेंचमध्ये पद्यात लिहिली. पुढे रोमन चर्चच्या संतांच्या यादीत २७ नोव्हेंबर हा या दोघांचा दिवस म्हणून नोंदला गेला.

सिद्धार्थ गौतमाची कथा तिथे पोहोचली कशी? भारतातून ती मध्य आशिया आणि इराणच्या वाटेने अरबीत गेली, अरबीतून जॉर्जियन, मग ग्रीक, लॅटिन आणि शेवटी फ्रेंच. वाटेत 'बोधिसत्त्व' या शब्दाचे 'बुदासफ' झाले. अरबी लिपीत 'ब' आणि 'य' यांच्यात केवळ ठिपक्यांचा फरक असल्यामुळे त्याचे 'युदासफ' झाले आणि मग 'जोसाफात'. म्हणजे शतकानुशतके युरोपातील ख्रिस्ती माणूस नकळत बोधिसत्त्वाचे स्मरण करत होता.

या साम्याकडे आपल्या भूमीवरही लक्ष गेले होते. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कोउतो याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवले आहे की बुद्धाचे आणि जोसाफातचे चरित्र एकसारखेच आहे. साष्टीच्या बेटावर तो कान्हेरीची लेणी पाहायला गेला होता. तिथल्या एका वृद्धाने त्याला सांगितले की जोसाफातच्या बापाने मुलाला कोंडून ठेवण्यासाठी ही लेणी खोदून घेतली. फ्रान्समध्ये हे नाते उघड व्हायला १८५९ साल उजाडले. एदुआर लाबुले या विद्वानाने एका दैनिकातल्या लेखात ते मांडले.

पण आपण केवळ अभिमान बाळगून थांबू नये. कथा तीच राहिली, तात्पर्य बदलले. मूळ कथेत राजपुत्र दुःखाचे कारण शोधायला निघतो आणि ते स्वतःच्या प्रज्ञेने शोधतो. फ्रेंच कथेत तो तयार उत्तर असलेल्या धर्मात प्रवेश करतो. शोध गेला आणि श्रद्धा उरली. ज्याच्या हाती गोष्ट, त्याच्या हाती तात्पर्य, हा धडा आम्हाला इथे पहिल्यांदा मिळाला.

राजपुत्रासाठी लिहिलेल्या गोष्टी

चर्चच्या बाहेरही गोष्टी चालू होत्या. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात मारी द फ्रान्स नावाच्या कवयित्रीने प्राण्यांच्या गोष्टी फ्रेंच पद्यात आणल्या. त्यात लांडगा आणि कोकराची गोष्ट आहे. ओढ्यावर पाणी पिणाऱ्या कोकरावर लांडगा एकामागून एक खोटे आरोप करतो आणि शेवटी त्याला खातो. मारीने खाली जोडलेले तात्पर्य असे: श्रीमंत सरदार आणि न्यायाधीश त्यांच्या ताब्यातल्या गरिबांशी असेच वागतात. आठशे वर्षांपूर्वी एका बाईने हे लिहिले, हे लक्षात ठेवावे.

पुढे १६६८ मध्ये जाँ द ला फोंतेन याने आपल्या पशुकथांचा पहिला संग्रह काढला आणि तो चौदाव्या लुईच्या सहा वर्षांच्या मुलाला अर्पण केला. या कथा आजही फ्रान्समधली मुले शाळेत पाठ करतात. सुरुवातीच्या कथा इसापाच्या परंपरेतल्या आहेत. १६७८ मध्ये दुसरा संग्रह निघाला तेव्हा ला फोंतेनने प्रस्तावनेतच कबुली दिली की यातला बराच भाग पिल्पे नावाच्या भारतीय ज्ञानी माणसाकडून घेतला आहे. पिल्पे म्हणजे पंचतंत्राच्या अरबी-फारसी अवतारातला बिदपाई. तो ग्रंथ १६४४ मध्ये फारसीवरून फ्रेंचमध्ये आला होता. दोन बदकांनी काठीला धरून उडवत नेलेले आणि तोंड उघडल्यामुळे खाली पडलेले कासव ला फोंतेनकडे आहे. तेच कासव आपल्या कच्छप जातकात आहे.

ला फोंतेन दरबारी वर्तुळात वावरणारा माणूस होता. त्याच्या अनेक कथा सांगतात की आपली पायरी ओळखा, मोठ्यांच्या वाट्याला जाऊ नका. पण त्याच हाताने त्याने प्लेगने आजारी पडलेल्या प्राण्यांची कथाही लिहिली. जंगलात साथ येते. सिंह सभा भरवतो आणि म्हणतो, आपल्यातल्या कोणाच्या तरी पापामुळे हा कोप झाला आहे, जो सर्वांत पापी त्याचा बळी देऊ. सिंह स्वतःच कबूल करतो की त्याने मेंढ्या खाल्ल्या, कधी मेंढपाळही खाल्ला. कोल्हा लगेच म्हणतो, महाराज, मेंढ्यांचा तो सन्मानच झाला. वाघ, अस्वल, कुत्रे सगळे निर्दोष ठरतात. शेवटी गाढव सांगते की मठाच्या कुरणातले जिभेएवढे गवत त्याने भुकेपोटी खाल्ले. सगळे त्याच्यावर तुटून पडतात. शिकलेला लांडगा भाषण ठोकतो आणि गाढव फासावर जाते. तुम्ही बलवान की दुर्बळ यावर तुमचा रंग काळा की पांढरा ते न्यायालय ठरवते, असे ला फोंतेन सुचवतो. ज्यांच्या आजोबांना गावात पटकी आली की दोषी धरले जाई, त्यांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

नीतीला देव लागतो का?

सतराव्या शतकातच फ्रान्समध्ये आणखी एक प्रवाह सुरू झाला. सद्गुणांचा उपदेश करण्याऐवजी सद्गुणांचीच तपासणी करणारे लेखक पुढे आले. ला रोशफुको या सरदाराने १६६५ मध्ये छोट्या छोट्या सूत्रांचे पुस्तक काढले. आपण ज्याला सद्गुण म्हणतो तो पुष्कळदा वेष बदललेला स्वार्थ असतो, असा त्याचा रोख होता. दानशूराच्या दानात प्रतिष्ठेची भूक किती आणि नम्र माणसाच्या नम्रतेत गर्व किती, हे तो मोजत बसला. चित्ताचे निरीक्षण करायला शिकलेल्या माणसाला ही तपासणी परकी वाटणार नाही. फरक एवढाच की रोग दाखवून ला रोशफुको थांबतो. उपाय तो सांगत नाही.

त्याच काळात मोलिएरने 'तार्त्युफ' हे नाटक लिहिले. एक ढोंगी भक्त एका श्रीमंत घरात शिरतो. मालक त्याच्या इतका नादी लागतो की मुलीचे लग्न, घरदार, सगळे त्याच्या हवाली करायला निघतो. १६६४ मध्ये व्हर्सायला पहिला प्रयोग झाला आणि धर्ममार्तंडांनी लगेच बंदी आणवली. ती उठून नाटक जाहीरपणे रंगमंचावर यायला १६६९ साल उजाडावे लागले. मोलिएरचे म्हणणे होते की आपण ढोंगावर टीका केली आहे, धर्मावर नाही. पण ज्यांचे पोट ढोंगावर चालते त्यांना हा फरक चालत नाही, हे आपण रोज पाहतो.

या काळातला सर्वांत धाडसी विचार मात्र पिएर बेल याने मांडला. प्रॉटेस्टंट असल्यामुळे त्याला फ्रान्स सोडून हॉलंडमध्ये राहावे लागले होते. १६८२ मध्ये धूमकेतूबद्दलच्या अंधश्रद्धांवर लिहिताना त्याने विचारले की देव न मानणाऱ्या लोकांचा समाज नीतीने चालू शकेल का? त्याचे उत्तर होते, चालू शकेल. माणसे त्यांच्या श्रद्धेप्रमाणे वागत नाहीत, स्वभाव, सवय आणि प्रतिष्ठा यांप्रमाणे वागतात. म्हणून आस्तिक दुराचारी असू शकतो आणि नास्तिक सदाचारी. युरोपला हा धक्का होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचलेल्या माणसाला तो धक्का वाटणार नाही. धर्मात देवाचे जे स्थान आहे ते धम्मात नीतीचे आहे, हे बाबासाहेबांनी तिथे स्वच्छ सांगितले आहे. जगातल्या कोट्यवधी बौद्धांनी जे आधीपासून जगून दाखवले होते, ते बेल तर्काने शोधत होता.

रूसोची शंका आणि रूसोची चूक

आता कावळ्याकडे परत येऊ. रूसोचा 'एमिल' हा शिक्षणावरचा ग्रंथ १७६२ मध्ये आला. त्यात त्याने ला फोंतेनची कावळा-कोल्ह्याची कविता ओळीओळीने तपासली आहे. मुलाला ही भाषा कळत नाही, हा त्याचा पहिला आक्षेप. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मूल गोष्टीत नेहमी जिंकणाऱ्याची भूमिका घेते. कावळ्याला ते हसते आणि कोल्हा व्हायला बघते. नाकतोडा आणि मुंगीच्या गोष्टीतून कष्ट शिकण्याऐवजी ते भुकेल्याला दारातून हाकलायला शिकते. तात्पर्य मोठ्यांसाठी असते, मुलाच्या मनात गोष्ट राहते. म्हणून मुलाला उपदेश देऊ नका, अनुभव द्या, असे रूसो सांगतो. त्या ग्रंथातल्या धर्मविचारांमुळे पॅरिसच्या न्यायसभेने तो जाळण्याचा हुकूम दिला आणि रूसोला पळून जावे लागले.

इथे आम्हाला जम्बुखादक जातक आठवले. त्यातही कावळा आणि कोल्हा आहेत. कावळा जांभळीवर बसून जांभळे खात असतो. कोल्हा त्याच्या आवाजाची स्तुती करतो. कावळाही खुश होऊन कोल्ह्याची स्तुती करतो आणि फांदी हलवून त्याला जांभळे पाडून देतो. त्या झाडावरची देवता म्हणजे बोधिसत्त्व. ती हे ऐकते आणि खोटी स्तुती करणाऱ्या दोघांनाही हाकलून देते. इथे कोल्हा जिंकत नाही. खोटे बोलणारा आणि खोटे ऐकून सुखावणारा, दोघेही सारखेच दोषी ठरतात. रूसोच्या हाती ही कथा लागली असती तर त्याचा निम्मा आक्षेप मिटला असता.

रूसोची मर्यादाही सांगितली पाहिजे. मुलांच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिणाऱ्या या माणसाने स्वतःची पाचही मुले अनाथाश्रमात सोडली होती. त्याच्या ग्रंथातला एमिल स्वतंत्र बुद्धीने वाढतो, पण त्याच्यासाठी निवडलेली सोफी मात्र पुरुषाला सुख देण्यासाठी वाढवली जाते. स्वातंत्र्याच्या व्याख्येतून निम्मी माणसे वगळली गेली. १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही तेच झाले. म्हणून ऑलिम्प द गूज हिने १७९१ मध्ये स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. काळ्या माणसांच्या गुलामगिरीविरुद्ध तिचे नाटकही रंगमंचावर आले होते. नोव्हेंबर १७९३ मध्ये क्रांतीच्या सरकारने तिचा शिरच्छेद केला. फ्रान्समध्ये स्त्रियांना मताचा अधिकार मिळायला १९४४ साल उजाडले.

व्हॉल्टेअरची वाट वेगळी होती. १७५९ च्या 'कांदीद'मध्ये नायकाला सुरीनाममध्ये एक गुलाम भेटतो. त्याचा एक हात आणि एक पाय तोडलेला आहे. उसाच्या गिरणीत बोट अडकले की हात तोडतात, पळायचा प्रयत्न केला की पाय तोडतात. युरोपात तुम्ही साखर खाता ती या किमतीत, असे तो सांगतो. इथे वेगळे तात्पर्य लिहिण्याची गरज उरत नाही. १७६२ मध्ये तुलूझ शहरात जाँ कालास या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्याला, मुलगा कॅथलिक होणार म्हणून त्याने त्याचा खून केला असा खोटा आरोप ठेवून, हालहाल करून मारण्यात आले. व्हॉल्टेअरने पत्रे लिहिली, पैसे जमवले, सहिष्णुतेवर ग्रंथ लिहिला आणि १७६५ मध्ये कालासला निर्दोष ठरवून घेतले. लेखक कागदावरून रस्त्यावर उतरला तो इथे.

आरोपीच्या पिंजऱ्यात पुस्तके

एकोणिसाव्या शतकात सरकारच साहित्याचे नीतिशिक्षक झाले. १८५७ या एकाच वर्षात दोन मोठे खटले उभे राहिले. फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'वर सार्वजनिक नीती बिघडवल्याचा आरोप झाला. लेखक सुटला. त्याच वर्षी बोदलेरच्या काव्यसंग्रहावर खटला झाला, त्याला दंड झाला आणि सहा कवितांवर बंदी आली. दोन्ही खटल्यांत सरकारी वकील एकच होता, एर्नेस्त पिनार. बोदलेरविरुद्धचा निकाल रद्द व्हायला १९४९ उजाडले. फ्लोबेरवरचा खरा राग असा होता की बाई चुकते, पण लेखक तिला शिव्या देत नाही आणि शेवटी उपदेशही करत नाही. तात्पर्य न सांगणे हाच गुन्हा ठरला.

१८६२ मध्ये व्हिक्टर ह्युगोची 'ले मिझेराब्ल' आली. बहिणीच्या उपाशी मुलांसाठी पाव चोरणारा जाँ व्हालजाँ, चोरी आणि पळण्याचे प्रयत्न मिळून एकोणीस वर्षे तुरुंगात काढतो. सुटल्यावर कोणी त्याला दारात उभे करत नाही. एक बिशप घरात घेतो, तर व्हालजाँ त्याचीच चांदीची भांडी चोरून पळतो. पोलीस पकडून आणतात तेव्हा बिशप म्हणतो की भांडी मीच दिली होती, आणि वर चांदीच्या मेणबत्तीदाण्याही देतो. करुणेने माणूस बदलतो, हे अंगुलिमालाची कथा ऐकत वाढलेल्या वाचकाला लगेच पटेल. पण ह्युगो तिथे थांबत नाही. पाव चोरणारा एक माणूस सुधारला म्हणून भूक संपत नाही. ज्या कायद्याने त्याला गुन्हेगार केले, त्या कायद्यालाही तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो.

शाळेतला पहिला विषय

२८ मार्च १८८२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले. ते मोफत आदल्याच वर्षी झाले होते. १८५० च्या कायद्यात शाळेतला पहिला विषय 'नैतिक आणि धार्मिक शिक्षण' होता. नव्या कायद्यात त्या जागी 'नैतिक आणि नागरिक शिक्षण' आले. धर्मशिक्षण ज्यांना हवे त्यांनी शाळेबाहेर घ्यावे, त्यासाठी रविवारखेरीज आठवड्यातला एक दिवस मोकळा ठेवला. शिक्षणमंत्री ज्यूल फेरी याने नोव्हेंबर १८८३ मध्ये शिक्षकांना पत्र लिहिले. वर्गात एखादे नीतितत्त्व सांगण्याआधी विचार करा, की वर्गात बसलेल्या कोणा एका मुलाचा बापही ते ऐकून प्रामाणिकपणे नकार देईल का? देणार असेल तर सांगू नका. बेलने दोनशे वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाला एका देशाने कायद्याने दिलेले हे उत्तर होते.

या शाळांतले सर्वांत गाजलेले वाचनपुस्तक म्हणजे १८७७ मध्ये निघालेले 'दोन मुलांची फ्रान्सची सफर'. लोरेन प्रांतातली दोन अनाथ भावंडे देशभर फिरतात, कारखाने, शेते, कारागीर पाहतात आणि कष्ट, बचत, स्वच्छता, देशप्रेम शिकतात. १९०१ पर्यंत त्याच्या सुमारे साठ लाख प्रती खपल्या. लेखक म्हणून नाव होते जी. ब्रुनो. रोममध्ये जिवंत जाळलेल्या विचारवंताचे ते नाव घेऊन लिहिणारी व्यक्ती होती ओगुस्तीन फुये ही स्त्री. १९०६ च्या आवृत्तीतून देवाचे आणि चर्चचे उल्लेखही काढले गेले.

पण देव काढला म्हणजे विषमता गेली असे नाही. याच पुस्तकात मुलांना मानववंशांचा धडा आहे आणि त्यात गोरा वंश सर्वांत परिपूर्ण म्हटला आहे. ज्या फेरीने मुलाच्या बापाचे मन दुखवू नका असे लिहिले, त्यानेच जुलै १८८५ मध्ये संसदेत सांगितले की श्रेष्ठ वंशांना कनिष्ठ वंशांवर हक्क आहे. दोनच दिवसांनी क्लेमांसोने त्याला तिथेच खणखणीत उत्तर दिले, पण वसाहती वाढतच गेल्या. वर्गात बसलेल्या बापांत काळ्या माणसाचा बाप धरलेलाच नव्हता.

मार्तिनिक बेटावरच्या काळ्या मुलांनाही आपले पूर्वज गोरे गॉल होते असे पुस्तकात वाचावे लागे. त्याच बेटावरच्या एमे सेझेरने १९५० मध्ये वसाहतवादावर आपला निबंध लिहिला. युरोपने हिटलरचा धिक्कार केला तो त्याने गोऱ्या माणसांवर तेच केले म्हणून, जे तोवर वसाहतीतल्या लोकांवर राजरोस चालले होते, असे त्याने सुनावले. १९५२ मध्ये फ्रान्झ फॅननने दाखवले की अशी पुस्तके वाचत वाढलेले काळे मूल गोष्टीतल्या गोऱ्या वीराशी एकरूप होते आणि स्वतःच्याच कातडीचा तिरस्कार करू लागते. रूसोची शंका फॅननने पूर्ण केली. मूल जिंकणाऱ्याची बाजू घेते. मग जिंकणारा मुलाच्याच जातीला, वंशाला तुडवत असेल तर त्या मुलाच्या मनाचे काय होते? एकलव्याच्या अंगठ्याला गुरुभक्ती म्हणून शाळेत टाळ्या वाजवलेल्या आपल्या पिढीला याचे उत्तर ठाऊक आहे.

या दोन टोकांच्या मध्ये एमिल झोला उभा आहे. आल्फ्रेद द्रेफ्युस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला १८९४ मध्ये खोट्या पुराव्यावर हेरगिरीची शिक्षा झाली. सैन्य, न्यायालय, बहुतेक वर्तमानपत्रे एका बाजूला होती. १३ जानेवारी १८९८ रोजी झोलाने राष्ट्राध्यक्षांना उघडे पत्र छापले आणि दोषी अधिकाऱ्यांची नावे घेऊन एकेकावर आरोप ठेवले. त्याच्यावर खटला झाला, एक वर्षाची कैद ठोठावली गेली, त्याला इंग्लंडला पळावे लागले. द्रेफ्युस १९०६ मध्ये निर्दोष ठरला. तोवर झोला जिवंत नव्हता. ला फोंतेनच्या सभेत गाढवाच्या बाजूने कोणीच उठले नव्हते. झोला उठला.

आपल्या वर्गासाठी

मित्रांनो, या आठशे वर्षांतून आम्ही आमच्या वर्गापुरते काही ठरवले आहे. गोष्ट सांगितल्यावर लगेच तात्पर्य विचारायचे नाही. आधी विचारायचे, यात कोण जिंकले, कोण हरले, कोण गप्प बसले? गोष्ट कोणी लिहिली असेल आणि ती कोणाच्या सोयीची आहे? मग मुलांनी आपले तात्पर्य सांगायचे आणि ते का तेही सांगायचे. केशपुत्तच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते: परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू म्हणतो, एवढ्यावर स्वीकारू नका, स्वतः तपासा.

हा नियम आपल्या कथांनाही लावावा लागेल. दीपि जातकात शेळी बिबट्याशी गोड बोलून सुटायचा प्रयत्न करते. तू माझे शेपूट तुडवलेस, असा आरोप तो करतो. ती म्हणते, मी समोरून आले, शेपूट तर तुझ्या मागे आहे. तो म्हणतो, माझे शेपूट सगळ्या पृथ्वीवर पसरले आहे. शेवटी तो तिला खातोच. हे लांडग्याचे आणि कोकराचेच भावंड. दुष्टाशी गोड बोलून उपयोग नाही, एवढे तात्पर्य सांगून आपण थांबलो तर मूल शेळी व्हायचे नाकारेल आणि बिबट्या व्हायला बघेल. तिसरी वाट दाखवली नाही तर दोष मुलाचा नाही. ती तिसरी वाट म्हणजे संघटित होणे, हे महाडच्या तळ्यावर आपल्या पूर्वजांनी दाखवून दिले आहे. ती गोष्ट सांगणे आपल्या हाती आहे.

आणि एक सावधगिरी. रूसो स्वातंत्र्यावर लिहीत होता आणि सोफीला विसरला. फेरी धर्मनिरपेक्ष शाळा काढत होता आणि वसाहतीतल्या माणसाला विसरला. आपण समतेवर भाषण देतो तेव्हा सभेत चहा कोण करते, स्टेजवर कोण बसते, सूत्रसंचालन कोणाकडे जाते, हेही एकदा मोजून पाहावे. नीती शिकवणाऱ्याची परीक्षा नेहमी त्याच्या विसरलेल्या माणसांवरून होते.

पुढच्या रविवारी आपापल्या विहारात दोन्ही गोष्टी सांगून पाहा, ला फोंतेनचा कावळा आणि जातकातला कावळा. मुले काय म्हणतात ते लिहून ठेवा आणि आम्हालाही कळवा. त्यांची उत्तरे आपल्या उपदेशापेक्षा जास्त शिकवतील.

जय भीम! नमो बुद्धाय!